काचेच्या केबिनमधला शॉट

दाजू,

तू होतास तेव्हा आपण हिंदीत बोलायचो आणि मी तुला 'आप' म्हणायचो. वयाने मोठा, त्यात सिनेमातला माणूस. आता मराठीत लिहायला बसलो तर 'आपण' लिहिताना हात अडतो. आमच्या गुहागरकडे थोरल्या भावाला 'तू'च म्हणतात, आणि तुमच्या नेपाळीत 'दाजू' म्हणजे थोरला भाऊच ना? मग झालं तर. राग मानू नकोस. मानलास तरी आता माझं काय वाकडं करणार आहेस?

आज शुक्रवार. जुम्म्याची नमाज झाली, अरबाब, म्हणजे आमचा मालक, घरी जेवायला गेला, आणि मी दोहाच्या नजम्यातल्या आपल्या त्याच फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरपुढे बसलोय. तुला जाऊन तीन आठवडे झाले. तुझी पेटी विमानाने काठमांडूला पोचली, तिकडे अग्नी दिला, इकडे गोपाळने आणि तुझ्या बाकीच्या रूमवाल्यांनी तेरावं केलं. मलाही बोलावलं होतं. बिनमिठाचं काहीतरी वाढलं आणि मी ते गपगुमान जेवलो. सगळं रीतीप्रमाणे झालं, राहिलाय तो तुझा सिनेमा. पुढच्या शुक्रवारी तो तुझ्याच रूमवर दाखवायचा म्हणून मी तुझ्या लोकांना शब्द देऊन बसलोय, आणि शेवटच्या सीनला तुझा आवाज नाही. पडद्यावर नुसते ओठ हलतात. त्या ओठांवर काय घालायचं ते मला आज पक्कं करायचंय. डोक्याला ताप देऊन गेलास बघ.

तसा ताप तू पहिल्या दिवसापासूनच दिलास. बताक्याच्या फोटोसाठी आला होतास. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र, त्याच्या फोटोला काही अक्कल लागत नाही. गिऱ्हाईक स्टुलावर बसवायचं, समोर बघ म्हणायचं, बटण दाबायचं, पुढचा बोलवायचा. बाहेर ही रांग लागलेली, आणि तू स्टुलावर बसून वर दिव्याकडे बघत राहिलास.

"हा लाईट फार वरून येतो," म्हणालास. "नाकाची सावली मिशीवर पडेल."

"पडू दे. समोर बघा."

"आणि माझा उजवा गाल कमजोर आहे. कॅमेरा जरा डावीकडे घेता का?"

"हे बघा, सरकारला दोन्ही गाल लागतात. कानसुद्धा दोन्ही लागतात. समोर बघा!"

तेवढ्यात रांगेतल्या एका नेपाळी माणसाने आत डोकावून पाहिलं आणि बोंब ठोकली, "इन्स्पेक्टर साब!" त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला, रांग मोडली. मला वाटलं खरोखरचा पोलीस आलाय. मी आपला कॅमेरा खाली ठेवून कागदपत्रं शोधायला लागलो. तू मात्र उठून एकेकाशी हात मिळवलास, गावं विचारलीस, आणि परत बसताना मला हळूच म्हणालास, "आता घ्या. समोरून." चेहऱ्यावर अजून हसू होतं. तू गेल्यावर तुझ्या शेवटच्या कागदांना फोटो पाहिजे म्हणाले, तेव्हा मी तोच काढून दिला. दुसरा समोरून काढलेला तुझा एकट्याचा फोटो माझ्याकडे नव्हताच.

मग तू दर शुक्रवारी यायला लागलास आणि चहाबरोबर तुझी कारकीर्द मला तुकड्यातुकड्याने ऐकवलीस. पोखऱ्याकडचा मुलगा, काठमांडूला कॉलेज शिकायला म्हणून आला आणि स्टुडिओच्या फाटकाशी उभा राहायला लागला. पहिलं काम मार खाणाऱ्यांच्या घोळक्यात. पुढे उंची आणि खांदे बघून कोणीतरी पोलिसाचा ड्रेस चढवला, आणि तो अंगाला असा चिकटला की वर्षानुवर्षं उतरायचं नाव नाही. सिनेमा कुठलाही असो, हाणामारी आटोपली की जीप यायची आणि जीपमधून तू उतरायचास. एकदा तुला एक गाणंही मिळालं होतं. नदीकाठी, स्वेटर घालून, हिरोइनीच्या थोरल्या भावाचं गाणं. सिनेमा लांबतोय म्हणून ते कापलं. तू ते मला स्टुडिओत नाचून दाखवलंस, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं कापलं. तोंडावर म्हटलं नाही, एवढं माझ्या नावावर मांड.

आणि मग तू स्वतःचा सिनेमा काढलास. डोंगरातल्या एका मास्तरणीची गोष्ट. त्यात ना मारामारी, ना पोलीस. तो लागला नेमका तुमच्याकडे गोळीबार, बंद आणि कर्फ्यू सुरू असताना. एका खेळाला थिएटरात तू, भाउजू आणि बॅटरीवाला, बस्स. मध्यंतरात बॅटरीवाला येऊन अदबीने विचारून गेला, "साहेब, पुढचा भाग लावू का?" हे सांगताना तू पोट धरून हसायचास. मला काही हसू यायचं नाही, दाजू. आजही येत नाही.

भाउजू म्हणजे वहिनी, हे मला तूच शिकवलंस. तुझी बायको. तुझे शूटिंगचे ड्रेस काठमांडूत तिनेच धुतले, तिनेच इस्त्री केले. तुला दोहाला पाठवताना तिने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगितलं की नवरा आखातात व्हिडिओ कंपनीत चाललाय. खोटं नव्हतं ते. एजंटने तसंच सांगितलं होतं. इथे विमानातून उतरल्यावर तुझ्या हातात शिट्टी आणि टोपी दिली आणि वेस्ट बेमध्ये एका अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या फाटकावर उभं केलं. पुन्हा फाटक! तू म्हणालास, "सलीमभाई, सिनेमात पोलीस सगळ्यात शेवटी येतो. इथे मी सगळ्यात आधी येतो, पहिल्या बसने." सगळ्या जगाला हसून सांगायचास, फक्त तिला सांगितलं नाहीस. पहिल्या फोनला राहिलं, दुसऱ्याला जीभ रेटली नाही, आणि नंतर ते सांगणं रोज थोडं थोडं जड होत गेलं.

त्यात भर म्हणून ते फोटो. रजेवर घरी जाणारा प्रत्येक नेपाळी माणूस जाण्याआधी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या स्टुडिओत यायला लागला. मागे रंगवलेल्या हिमालयाचा पडदा, पुढे तो आणि तू. तू ड्यूटीवरून थेट यायचास, म्हणून गार्डच्या कपड्यांत. टोपी तेवढी स्वतः आरशात बघून बसवायचास, जराशी तिरकी, उजव्या भुवईवर. आणि फोटो झाला की त्या माणसाला बजावायचास, "कोणी विचारलं तर सांग, शूटिंगचा ड्रेस आहे." ते बिचारे मान डोलवायचे. आमचा अरबाब तुझ्यावर एवढा खूश की तुला बघितला की स्वतः उठून चहा सांगायचा. मला कधी विचारला नाही त्याने चहा, पण जाऊ दे.

सिनेमाचा किडा तू त्याच स्टुलावर बसून सोडलास. "तुमच्याकडे कॅमेरा आहे, माझ्याकडे गोष्ट आहे. शुक्रवार दोघांकडे आहे." गोष्ट म्हणजे काय, तर एक नेपाळी गार्ड. दोहात फाटकावर उभा राहतो आणि घरी आईला सांगतो की मी ऑफिसात साहेब आहे. मी म्हटलं, "दाजू, ही गोष्ट मला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते." तू चहात बघत म्हणालास, "वाटणारच. चांगली आहे म्हणून."

मी लग्नाची शूटिंगं करणारा माणूस. आमचा धर्म एकच: कॅमेरा बंद करायचा नाही. नवरीची मावशी हसली, घ्या. पोराने बिर्याणी सांडली, घ्या. कॅसेट स्वस्त आहे. आणि तू आलेला रिळाच्या जमान्यातून, जिथे फिल्म संपली की निर्माता रडायचा. तू एकेका शॉटची तालीम घ्यायचास ती इतकी की उन्हात माझी टाळू भाजून निघायची. मग एकच टेक. टेक झाला की माझ्याकडे वळून विचारायचास, "ओके?" मी ओके म्हटलं की संपलं. मी चुकून "वन मोर" म्हटलं की तुझं तोंड असं व्हायचं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय.

दुसरं भांडण आवाजाचं. तुमच्याकडे आवाज मागाहून भरायचे, म्हणून शूटिंग चालू असताना तू बेधडक ओरडायचास. स्वतः कॅमेऱ्यापुढे हिरो म्हणून रडतोयस आणि रडता रडता मला हिंदीत सांगतोयस, "जवळ या, अजून जवळ, पाय सांभाळा, मागे खड्डा आहे!" मी कपाळावर हात मारून घ्यायचो. "अरे माझ्या राजा, या कॅमेऱ्याला माइक आहे. सगळं बसतंय कॅसेटवर!" तर म्हणायचास, "बसू दे. डबिंगला पुसू." माझ्याकडे कॅसेटींचा ढीग आहे, आणि सगळ्यांवर तू मला खड्ड्यांपासून वाचवतोयस.

समुद्राकाठच्या कॉर्निशवरची गंमत आठवते? पोलिसाची गाडी थांबली. काय चाललंय विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "लग्नाची व्हिडिओ." त्याने इकडे तिकडे पाहिलं. समोर तू गार्डच्या ड्रेसात, आणि मागे गोपाळ, पेप्सीचं खोकं चांदीच्या कागदात गुंडाळून उन्हाचा उजेड तुझ्यावर पाडतोय. "नवरी कुठाय?" तू इतक्या शांतपणे सांगितलंस, "मेकअप." तो हसला रे हसला! "यल्ला, खलास करा लवकर," म्हणून निघून गेला. त्या दिवशी मला कळलं की तू खरंच चांगला नट आहेस. त्याआधी मी नुसतं ऐकून होतो.

पण खरी वादावादी झाली ती शेवटावरून. तुझ्या कागदावर शेवट असा होता: हिरोची नोकरी जाते, तो रस्त्याकडेच्या काचेच्या फोन केबिनमध्ये शिरतो, आईला फोन लावतो आणि एवढंच म्हणतो, "म ठीक छु, आमा." मी बरा आहे, आई. फोन ठेवतो, टोपी काढतो, चालायला लागतो. समाप्त. मी म्हटलं, हा काय शेवट झाला? लोक एवढा वेळ बसले कशाला? एकदाचं खरं सांगू दे की त्याला. सांगू दे, मी गार्ड आहे, नोकरी गेली, घरी येतोय.

"फोनवर कोण खरं बोलतं, सलीमभाई? तुम्ही बोलता?"

"मी बोलतो."

"परवा घरी शमीमभाभींना काय सांगत होता? रूम हवेशीर आहे म्हणून?"

"हवेशीर आहेच. एसीच्या बाजूला भोक आहे, त्यातून वारा येतो."

गोपाळला ठसका लागला. पण मी हट्ट सोडला नाही. तूही नाही. किती शुक्रवार आपण त्या एका वाक्यावरून गुरगुरत काढले! तुला कळत होतं मी हिरोबद्दल बोलत नव्हतो. आणि मला कळत होतं की तुला कळतंय. एकदा मी सरळच विचारलं, "भीती कसली वाटते? ती सोडून जाईल?"  तू म्हणालास, "सोडणार नाही. पण तिने माझा सिनेमा रिकाम्या थिएटरात बसून पाहिलाय. तिला अजून एक फ्लॉप काय दाखवू?"  मी चहा सांगितला.

शेवटी तो शॉट घेतला. टळटळीत दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. केबिनच्या काचेत माझंच प्रतिबिंब पडत होतं, म्हणून गोपाळ माझ्यामागे काळं कापड धरून उभा. तू म्हणालास, दार बंद ठेवून करू, कॅमेरा बाहेर. आत जाण्याआधी खिशातून फोनचं कार्ड काढलंस. मी म्हटलं, कार्ड कशाला, नुसता कानाला लाव. म्हणालास, "हात खोटं बोलला की चेहराही बोलतो." आणि दार ओढून घेतलंस.

काचेतून मला ऐकू काही येत नव्हतं. बटणं दाबलीस, थांबलास, बोलायला लागलास. कागदावर वाक्य एवढंसं, आणि तू बोलतोयस, बोलतोयस. मी म्हटलं, चला, आज कार्यक्रम लांबला. मग गप्प झालास. बराच वेळ नुसता ऐकत उभा. आणि मग, दाजू, तू हसलास! नोकरी गेलेला हिरो, आईला फोन, सिनेमाचा शेवट, आणि हा माणूस खांदे हलवून हसतोय! डोळे पुसलेस. टोपीला हात लावलास, ती अजून थोडी तिरकी केलीस. फोन ठेवला आणि दार उघडून घामाने निथळत बाहेर आलास.

"ओके?"

"कसलं ओके! वन मोर. हसलास तू. आणि टोपी काढायची होती, काढली नाहीस."

"वन मोर नाही."

"दाजू, कॅसेट माझी आहे, घे ना पुन्हा!"

"हा शॉट पुन्हा होत नाही," म्हणालास. मी विचारलं, बोललास काय एवढं? तर म्हणे, "डबिंगला कळेल." मी चिडून कॅमेरा बॅगेत भरला आणि नजम्यापर्यंत तुझ्याशी बोललो नाही. ओकेही म्हटलं नाही. तुझ्या सिनेमातला तेवढा एकच शॉट आहे ज्याला मी ओके दिलेलं नाही.

डबिंग तुझ्या रूमवर. भिंतींना गाद्या टेकवल्या, ब्लँकेटं टांगली, आवाज नको म्हणून एसी बंद, फ्रिज बंद. आत आपण सगळे उकडलेल्या बटाट्यासारखे. तू बनियनवर उभा राहून एकेक वाक्य ओठांवर असं बसवत होतास की मी तोंडात बोट घातलं. गोपाळने आईचा आवाज काढला, पोलिसाचा काढला, मधेच तुझाही काढून दाखवला आणि तुझ्या हातची टपली खाल्ली. शेवटचा सीन तेवढा राहिला. सगळे घामाघूम झालेले, कोणीतरी म्हणालं, आता पुरे. तू म्हणालास, "हुन्छ, ठीक आहे. पुढच्या शुक्रवारी. त्या सीनला सगळे हजर राहा."

तो शुक्रवार आलाच नाही. ड्यूटीची बस आली, गोपाळ तुला उठवायला गेला आणि तू उठला नाहीस. झोपेतच गेलास. गोपाळचा फोन आला तेव्हा मी एका पोराचा पासपोर्ट फोटो कापत होतो. आमच्यात मयताला म्हणतात ते इन्ना लिल्लाही म्हटलं आणि ते काम पुरं केलं, कारण पोरगा समोर उभा होता. मग मागच्या खोलीत गेलो, हिमालयाचा पडदा तोंडाशी धरला आणि रडलो. रागाच्या भरात मी तुला कोकणी पद्धतीने 'मेल्या' म्हणायचो. तू अर्थ विचारलास तेव्हा सांगितलं होतं की हा प्रेमाचा शब्द आहे. आता तो जिभेवर येतो आणि मी गिळून टाकतो.

तर आता हा सीन. रूमवाल्यांचं म्हणणं, गोपाळने तुझ्या आवाजात बोलावं. बोलेलही, हुबेहूब. पण बोलायचं काय? कागदावरचं वाक्य घालावं तर ते संपतं आणि ओठ चालूच राहतात. एकाने सांगितलं, हिरोला म्हणू दे, मी दसऱ्याला येतोय. दुसरा म्हणाला, बहिणीच्या लग्नाचं बोलू दे. तिसरा उठून बाहेर गेला. ज्याने त्याने आपापला फोन तुझ्या तोंडात घालून पाहिला. आणि खरं सांगतो, मीही पाहिला. माझा शेवट आता आयता घालता येत होता. तू अडवायला नव्हतास. गोपाळला म्हटलं असतं की बोल, "आमा, मी गार्ड आहे," तर त्याने बोलून टाकलं असतं. पण हात पुढे होईना. जिवंत माणसाशी भांडून जिंकावं. गेलेल्याच्या ओठांवर आपलं म्हणणं ठेवणं हे काही जिंकणं नाही.

मग काल दुपारी भाउजूंचा फोन आला. इथे, स्टुडिओत. मी विचारलं, नंबर कुठून मिळाला? म्हणाल्या, "फोटोच्या मागे शिक्का आहे ना तुमचा."

"कुठल्या फोटोच्या?"

"त्यांच्या. रजेवर आलेला एकजण आमच्या गल्लीतला होता. आईला दाखवायला म्हणून त्याने फोटो आणला, मी मागून घेतला. भिंतीवर आहे. खूप दिवस झाले."

 मी आपलं तुझं वाक्य पुढे केलं, "तो शूटिंगचा ड्रेस होता, भाउजू."

त्या हसल्या. तीन आठवड्यांची विधवा बाई, पण हसल्या. "सलीमभाई, त्यांच्या शूटिंगच्या ड्रेसांना मी जन्मभर इस्त्री केली. शूटिंगचा ड्रेस कोपरावर विरत नाही. तुमचा फोटो फार साफ आलाय. त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेला रफू दिसतो त्यात. वाकडा."

म्हणजे तिला माहीत होतं. तू जे सांगायला घाबरत होतास ते मीच माझ्या लाईटने उजळून तिच्या भिंतीवर पाठवलं होतं, आणि आपल्या दोघांनाही पत्ता नाही! मी विचारलं, मग बोलला का नाहीत त्याला? म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतं. मग मी कसं आधी सांगू? माणसाचं वाक्य त्याचं त्याला बोलू द्यावं."

आणि मग त्यांनी त्या दुपारचं सांगितलं. तो फोन खरा होता. तू खरंच कार्ड घालून घरी फोन लावला होतास. म्हणालास, फोन ठेवू नकोस, बाहेर कॅमेरा चालू आहे, आणि कॅमेऱ्यामागे एक माणूस आहे, तो मला कधीपासून छळतोय की खरं बोल. तर ऐक. आणि तू सगळं सांगितलंस. फाटक, शिट्टी, एजंट, सगळं. मेल्या! बघ, शेवटी आलाच शब्द तोंडात. माझंच ऐकलंस आणि मला सांगितलं नाहीस! वर "डबिंगला कळेल" म्हणून मला नजम्यापर्यंत फुगवून आणलंस!

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मला माहीत आहे. फोटो समोरच आहे भिंतीवर. टोपी तिरकी घालता ना, ती छान दिसते. या फाटकावरून आता घरी या. पुष्कळ फाटकं झाली. मग ते हसले. कितीतरी वेळ हसले. मग म्हणाले, सिनेमा संपवतो आणि येतो."

मी फोन तसाच हातात धरून कॉम्प्युटरवर तो शॉट लावला. तू बोलतोस. गप्प होतोस. ऐकतोस. हसतोस. टोपीला हात जातो. सगळं बरोबर होतं रे. एक हालचाल चुकीची नव्हती. चुकला असेल कोणी, तर वन मोर मागणारा मी.

मी म्हटलं, भाउजू, आता शब्द कळलेत, गोपाळला सांगून तेच भरतो.   त्या म्हणाल्या, "नको. ते माझ्याशी बोलले होते. मी ऐकलंय. फक्त हसताना कसे दिसत होते ते मला दिसलं नाही. तुम्ही पाहिलंत, ऐकलं नाहीत. तेवढं मला पाठवा. आवाज नको."

तर ठरलं. गोपाळ बोलणार नाही, कोणीच बोलणार नाही. कॅसेटवर जो रस्त्याचा आवाज बसलाय तोच राहील. एक ट्रक जातो, लांब कुठेतरी क्रेन वाजते, गोपाळच्या हातातलं कापड फडफडतं. काचेमागे तू बोलतोस आणि हसतोस. रूमवाल्यांना मी पुढच्या शुक्रवारी दोन शब्दांत सांगेन की फोन खरा होता आणि दाजू हसत हसत घरी यायचं कबूल करत होता. मग ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकावं. एक व्हीसीडी भाउजूंना जाईल, गोपाळचा एक गाववाला निघालाय त्याच्याबरोबर. तू सिनेमा संपवला नाहीस आणि गेलास. तो मी संपवतो आणि पाठवतो. शुक्रन, म्हणजे थँक्यू, म्हणायचं राहून गेलं तुला. कशाबद्दल, ते विचारू नकोस. खड्ड्यांबद्दल समज.

आज आणखी एक काम केलं. शॉटच्या शेवटी तू दार उघडतोस आणि तेव्हा कुठे तुझा आवाज आत येतो, मोठा, दमलेला, घामाने भिजलेला. "ओके?" त्यामागून माझा आवाज आहे, "कसलं ओके!" तुझा मी ठेवला. माझा कापला. आता तुझा सिनेमा तुझ्या त्या विचारण्यावर संपतो आणि पडदा काळा होतो.

अरबाब यायची वेळ झाली. बाहेर फोटो काढून घ्यायला माणसं जमायला लागलीत. हिमालयाचा पडदा मागे आहे, स्टूल पुढे रिकामं आहे, दिवा आज जरा खाली घेतलाय, मिशीवर सावली पडणार नाही एवढा. तू विचारलेलं तसंच राहिलंय, म्हणून इथेच उत्तर देतो.

ओके, दाजू. एका टेकमध्ये ओके.